खंडेनवमीची झाडलोट

माईसाहेबांनी कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं तेव्हा प्रफुल्लची बोटं अजून त्याच्यावरच होती.

"अहो माईसाहेब, एक मिनिट. एकच मिनिट थांबा ना!"

"मघापासनं तुझं एकच मिनिट चाललंय. हात काढ."

त्याने हात काढले. तर्जनीला कुंकू लागलं होतं, ते त्याने पँटला पुसलं आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कपाळाला हात लावला. माईसाहेबांनी झेंडूचा हार मॉनिटरच्या डोक्यावरून सोडला, माउसला फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. ते टेबल माझं होतं.

"कुमुद, तुझं काही एक मिनिट नाही ना?"

"नाही माईसाहेब," मी म्हटलं. कारण त्या वेळी मला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी आतल्या खोलीत जाऊन त्यांनी सर्व्हरची पूजा केली. त्या लोखंडी कपाटाला त्या 'मोठं यंत्र' म्हणत. त्याच्यावर नारळ ठेवता येईना, म्हणून पायाशी ठेवला. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "आता संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. यंत्रांनाही वर्षातनं एक दिवस सुट्टी पाहिजे." आणि खुर्ची ओढून त्या आतल्या खोलीच्या दारातच बसल्या.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. लोकांच्या वेबसाइट आमच्या यंत्रावर ठेवून देण्याचा धंदा. मालक विश्वासराव, माईसाहेबांचे चिरंजीव, दसऱ्याला गावी देवीच्या पालखीला गेले होते. जाताना "आई आहे, पूजा करून घ्या" एवढंच सांगून गेले होते. ऑफिसात आम्ही दोघंच. मी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात उभी हयात काढून इथे आलेली, आणि प्रफुल्ल हळदणकर, तिशीचा, कामाला वाघ आणि स्वच्छतेचा भोक्ता. त्याच्या टेबलावर पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर असायचं.

तो माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मॅडम, गुलाबभाईंच्या खोलीत जाता येत नाहीये."

खोली म्हणजे काय ते सांगते. आमचं मोठं यंत्र एकच, पण त्याच्या पोटात आम्ही पुष्कळ खोल्या पाडल्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खोली, तिची किल्ली वेगळी, संसार वेगळा. एकाच्या खोलीत काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नसे. आत जाऊन काम करायचं तर टर्मिनल लागतं. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आपण हुकूम लिहायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचं.

"काय म्हणतंय?"

"टर्मिनल उघडता येत नाही म्हणतंय. अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. बाकी सगळ्या खोल्या उघडतात. ही एकच नाही."

"खोली बंद पडलीय का?"

"तेच तर! चालू आहे. 'लवकरच येत आहे' हे पान दिसतंय. पण आज ते काढून खरं पान लावायचंय ना. ते लावणारा प्रोग्राम 'खात्री आहे का?' असं विचारतो, त्याला टर्मिनल लागतंच."

मी घड्याळाकडे बघितलं. दुपारी विजयमुहूर्तावर गुलाबभाईंचं दुकान इंटरनेटवर उघडायचं होतं.

गुलाबभाई मिरजेचे. सतार आणि तंबोरे करणाऱ्या घराण्यातले. आदल्याच आठवड्यात ते ऑफिसात आले होते, खारका घेऊन. मी चहा मागवला आणि ते बोलत बसले. त्यांचा मुलगा निसार शारजाला नोकरीला. तिथे घर घेतलं होतं, वडिलांचा व्हिसा काढून ठेवला होता आणि रोज फोनवर एकच म्हणायचा, अब्बा, दुकान बंद करा आणि इकडे या. शेजारच्या फर्निचरवाल्याला ती जागा हवी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो किल्ली न्यायला येणार होता.

"मग मी निसारला बोललो," गुलाबभाई म्हणाले होते, "दसऱ्याला मी दुकान इंटरनेटवर लावतो. त्या दिवशी एका तरी अनोळखी माणसानं विचारलं, की तंबोरा केवढ्याला, कसा, कवा मिळंल, तर मी हितंच राहणार. नाय विचारलं, तर फर्निचरवाल्याला किल्ली आणि तुझ्याकडं मी. तो म्हणाला कबूल."

"दसराच का?" मी विचारलं होतं.

"ताई, दसऱ्याला समदे वाद्यांची पूजा करत्यात. आदल्या दिवशी आमच्या दारात रांग. ह्याची तार लावा, त्याची जवारी काढून आवाज खुलवा. तंबोरा आठवायचा दिवस तोच."

आता त्या दिवशी सकाळीच खोलीचं दार लागून गेलं होतं, आणि आमच्या कीबोर्डवर झेंडू.

"माईसाहेब," मी जवळ जाऊन म्हटलं, "एका गिऱ्हाइकाचं काम अडलंय हो. पाच मिनिटं बसू दे मला."

"कुमुद, तू तरी असं म्हणू नकोस. कारखान्यात पूजा झाल्यावर कुणी चरक फिरवत होतं का?"

आमच्या कारखान्यात खरंच कुणी फिरवत नसे. मी टेबलाकडे परत आले.

"मॅडम, तुमच्या घरी आहे ना कॉम्प्युटर?" प्रफुल्लने विचारलं.

"सकाळीच हार घालून आलेय त्याला."

"खालचा सायबर कॅफे?"

"येताना बघितला की. दाराला आंब्याचं तोरण, आत सगळ्या स्क्रीनवर स्वस्तिकं."

माईसाहेब ऐकत होत्या. त्यांना ते भलतंच आवडलं. "बघ, पोरांना अजून रीत आहे."

मी खुर्चीत बसले आणि हात लावता येत नसल्यामुळे डोकं चालवायला लागले. एकच खोली अडते, बाकीच्या चालतात, म्हणजे मोठ्या यंत्राचा दोष नाही. काल संध्याकाळपर्यंत तीही उघडत होती. म्हणजे काल कुणीतरी तिथे काहीतरी केलं.

"प्रफुल्ल, काल तू काय काय केलंस?"

"काल? काल तर खंडेनवमी. झाडलोट केली सगळी. ब्रशने पंखे साफ केले, वायरी पुसल्या, कपाट ओल्या फडक्याने. म्हणजे ओलं नाही, दमट."

"आणि?"

"आणि आत."

"आत म्हणजे?"

तो माईसाहेबांकडे बघायला लागला. "त्याच म्हणाल्या होत्या, आतून-बाहेरून स्वच्छ करा. म्हणून मी आतूनसुद्धा केलं. म्हटलं, गुलाबभाईंचं उद्या उद्घाटन आहे, पहिली खोली त्यांची झाडू."

"काय झाडलंस?"

"काही नाही हो, फालतू फायली. एका फोल्डरमध्ये ढीगभर फायली होत्या, सगळ्या रिकाम्या. आकार शून्य! जुन्या तारखांच्या, विचित्र नावांच्या. ज्यांची नावं ओळखीची होती त्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या. फायली इकडून तिकडे नेण्याचा तो खिडकीवाला प्रोग्राम आहे ना, त्यातून. छान मोकळं झालं होतं सगळं."

मला हसू यायला लागलं. ते दाबावं म्हणून मी तोंडावर पदर धरला, तर खांदे हलायला लागले.

"मॅडम? मॅडम, रडताय का?"

"अरे, टर्मिनल काढून टाकलंस तू!"

मग त्याला आणि माईसाहेबांना मी सांगितलं. कारखान्यात आमच्याकडे टर्मिनल म्हणजे खरीखुरी वस्तू होती. हिरव्या अक्षरांची जाडजूड पेटी, मागून वायर, ती वायर मोठ्या कॉम्प्युटरला. वायर निघाली की टर्मिनल मेलं. आता त्या पेट्या गेल्या, पण यंत्राला अजून वाटतं की आपल्याला पेट्या जोडलेल्या आहेत. वायर जिथे खुपसायची ते भोक म्हणून त्या शून्य आकाराच्या फायली. त्यांच्यात काही साठवायचं नसतं, त्यांच्यातून नुसतं बोलणं जायचं असतं. रिकाम्या असल्या तरच कामाच्या.

"म्हणजे ह्यानं भिंतीतली भोकं बुजवली," माईसाहेब म्हणाल्या.

"बरोबर."

"स्वच्छतेसाठी."

"बरोबर."

प्रफुल्लचा चेहरा उतरला होता. "मॅडम, बंद करून चालू केली खोली तर?"

"बंद करायला हात लावावा लागेल. आणि घर बंद करून उघडल्याने टाकलेली भांडी परत येतात का? त्या फायली पुन्हा घडवायला हव्यात. एका ओळीचं काम आहे, पण कुठून तरी ती ओळ लिहायला हवी."

"मग त्या गिऱ्हाइकाच्याच यंत्रावरनं लिहा की," माईसाहेब म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

"असं काय बघताय? खोली त्याची, किल्ली त्याची. त्याच्या यंत्राची पूजा झालीय का? नसली तर त्यालाच लिहायला सांगा. माझी अडचण ह्या यंत्रांपुरती आहे, समद्या जगाला थोडीच बंदी घातलीय मी?"

"फोन चालेल?" प्रफुल्लने भीतभीत विचारलं. "फोनला फूल वाहिलंय तुम्ही."

"फोन राहू दे. सणाचे निरोप यायचे असतात."

मी मोबाइल स्पीकरवर टाकून मिरजेला फोन लावला. मागून तारा छेडल्याचा आवाज येत होता.

"सलाम ताई! झालं का उद्घाटन? इथं मोहल्ल्यातली पोरं पेढे खाऊन बसल्यात."

"गुलाबभाई, जरा घोटाळा झालाय. आधी सांगा, तुमच्या कॉम्प्युटरची पूजा केलीत का?"

"कॉम्प्युटरची? नाय बा. त्याच्यावर लाकडाचा भुसा हाय नुसता."

"उत्तम!" माईसाहेब इकडून ओरडल्या.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं, काही न लपवता. प्रफुल्ल जमिनीकडे बघत उभा होता. गुलाबभाई इतके हसले की मागची तारांची छेड थांबली.

"प्रफुल्लसाहेब, आमच्या दुकानात नका येऊ झाडायला! भोपळा रिकामा दिसला म्हणून टाकून द्याल. आन् तंबोरा वाजतो कशातनं?"

"चुकलं हो गुलाबभाई," प्रफुल्ल पुटपुटला.

"आवो चुकलं काय. बोला ताई, काय करायचं?"

प्रफुल्लने साइट बनवताना त्यांच्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीचा प्रोग्राम घालून दिला होता. त्यात एक चौकोन असतो, तिथे खूण केली की टर्मिनल न मागता आत जाता येतं. टर्मिनल नाही म्हणजे आत गेल्यावर यंत्र तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही लिहायचं, ते करणार, पण 'बोला' असं म्हणणार नाही. अंधारात हुकूम सोडायचे.

"चौकोन सापडला. खूण केली. पासवर्ड टाकू? मोठ्यानं वाचू?"

"मला सांगू नका!"

"तुम्हीच तर दिलाय."

"तरी सांगू नका."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, काळं झालं. काय दिसंना."

"बरोबर आहे. आता मी सांगते तसं लिहा. आधी तिरपी रेघ. उजवीकडे झुकलेली."

"उजवीकडं म्हंजे माझ्या का कॉम्प्युटरच्या?"

"तुमच्या."

"हां."

"मग एस, बी, आय, एन. पुन्हा तिरपी रेघ. मग मोठ्या अक्षरात एम, ए, के, ई..."

"सावकाश. तारेला पीळ देतो तसं एकेक द्या."

मी एकेक अक्षर दिलं. ते एकेक अक्षर परत म्हणत. प्रफुल्ल हवेत बोटं हलवत होता, जणू त्याच्यासमोर कीबोर्ड आहे. माईसाहेबांनी ते बघून त्याच्या हातावर हलकीच चापट मारली.

"झालं. आता एंटर?"

"एंटर."

"काय झालं नाय ताई. तसंच काळं."

"झालंय. न बोलणं म्हणजेच झालं. चुकलं असतं तर ओरडलं असतं."

"आमच्या सासऱ्यागत हाय म्हणायचं," गुलाबभाई म्हणाले. माईसाहेबांना ठसका लागला.

"आता ती खिडकी बंद करा. पुन्हा उघडा, पण चौकोनातली खूण काढून. नेहमीसारखे आत जा."

इकडे आम्ही तिघंही फोनभोवती वाकलो होतो. माईसाहेब दारातली खुर्ची सोडून कधी आल्या कळलंच नाही. फोनमधून कीबोर्डचा खटखट आवाज आला. मग थांबला. मला कारखान्यातली ती हिरवी पेटी आठवली, सकाळी बटण दाबल्यावर कोपऱ्यात चमकणारा तो एकच ठिपका, आणि त्याच्याकडे बघत आम्ही चहा प्यायचो ते.

"ताई!" गुलाबभाई ओरडले. "दिवा लुकलुकतोय!"

प्रफुल्लने उडीच मारली. माईसाहेबांनी मॉनिटरच्या हारातलं एक फूल काढून फोनवर ठेवलं.

पुढचं सोपं होतं. प्रफुल्लने पान लावणाऱ्या प्रोग्रामचं नाव सांगितलं. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? गुलाबभाईंनी लिहिलं, होय. आणि विजयमुहूर्ताला अजून अवकाश असतानाच मिरजेच्या त्या दुकानाचं दार जगाला उघडं झालं. मागून पोरांचा गलका आला.

"फक्त एक राहिलं मॅडम," फोन ठेवल्यावर प्रफुल्ल म्हणाला. "रेकॉर्डिंग. गुलाबभाईंनी एक जुनी कॅसेट दिली होती, तंबोऱ्याच्या सुरांची. तीच साइटवर आहे. पण सुरुवातीला गोंगाट आहे, दुकानातला. कुणीतरी कुणाला तरी पंखा बंद करायला सांगतंय वगैरे. मी ते सगळं कापून स्वच्छ केलंय. आज सकाळी तेच आधी लावायला गेलो, म्हणून तर कळलं खोली उघडत नाही ते."

"कुठे आहे ती स्वच्छ फाइल?"

त्याने हार घातलेल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"मग राहू दे," मी म्हटलं. "संध्याकाळी लाव."

दुपारभर आम्ही काही करू शकत नव्हतो. माईसाहेबांनी घरून श्रीखंड-पुरी आणवली. प्रफुल्ल दर थोड्या वेळाने उठून खिडकीशी जायचा आणि परत यायचा. आलेल्या चौकशा गुलाबभाईंच्या फोनवर जाणार होत्या, आमच्याकडे कळायला मार्ग नव्हता. मी एकदा फोन लावला. ते म्हणाले, "दोन आले. एक आमच्या मेहुण्याचा पोरगा, दुसरा सांगलीचा मास्तर, तो वळखीचाच. ते धरायचे नाय ताई. बोली ती बोली." आवाज आनंदी ठेवायचा त्यांचा प्रयत्न मला ऐकू येत होता.

ऊन कलल्यावर माईसाहेब दसरा चौकात जाऊन आल्या. आमच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुट्टी संपली यंत्रांची. बसा आता कामाला."

प्रफुल्लने हार अलगद बाजूला केला, कीबोर्डवरची हळद फुंकली आणि पहिलं काम म्हणून ती स्वच्छ केलेली फाइल उघडली. तेवढ्यात माझा फोन वाजला. गुलाबभाई.

"कुणी विचारलं का?" मी सलामही न घेता विचारलं.

"नाय ताई. अनोळखी कुणी नाय."

प्रफुल्ल माझ्याकडे बघत थांबला होता.

"पण निसारचा फोन आला होता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला वेगळाच वाटला. "तो तिकडं सकाळपासनं पान उघडून बघत बसलावता. दुपारी उघडलं. त्यानं तो तंबोरा वाजवला. ताई, ती कॅसेट आमच्या वालिदांनी केलेला तंबोऱ्यांचा जोड वाजवून मी भरली होती. निसार नऊ वर्षांचा असंल. मी जवारी लावत होतो आन् टेबलफॅनच्या वाऱ्यानं तार हलत होती. त्या कॅसेटमदी पयल्यांदा मीच ओरडतोय, निसार, पंखा बंद कर रे. आन् त्याचा बारका आवाज येतो, हो अब्बा. मग सूर लागतो."

मी प्रफुल्लच्या स्क्रीनवरच्या त्या फाइलकडे बघितलं.

"ते ऐकून त्यानं फोन लावला. मग म्हणाला, अब्बा, पंखा बंद केलाय. मी म्हटलं, काय? म्हणाला, किल्ली देऊ नका त्याला. रमजानला मी येतो, तवा बोलू. इंग्लिशमधली पत्रं आली की मला पाठवा, उत्तरं मी लिहितो."

मी हात वर करून प्रफुल्लला थांब अशी खूण केली. त्याने माउसवरून हात उचलला, पूजेच्या वेळी उचलला होता तसाच.

फर्निचरवाला दुसऱ्या दिवशी आला आणि चहा पिऊन गेला. पहिली अनोळखी चौकशी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली, आणि तिचं उत्तर शारजाहून गेलं. पुढे पुढे इतकी यायला लागली की निसार सुट्टीला येताना कुरियरची खोकी मोजमापाने बनवून घ्यायचा. गुलाबभाई शेवटपर्यंत मिरजेतच होते. दर दसऱ्याला न चुकता त्यांचा फोन यायचा, "ताई, रिकाम्या फायली जागेवर हायत का?" प्रफुल्लने आता स्वतःचं ऑफिस काढलंय. तिथे खंडेनवमीला फक्त बाहेरून झाडतात म्हणे.

ती साइट अजून आहे. निसार चालवतो. मधे दोनदा यंत्रं बदलली, खोल्या हलल्या, पण रेकॉर्डिंग तेच. माझं आता बाहेर जाणं-येणं फारसं होत नाही. दुपारी आडवी झाले की कधी कधी मोबाइलवर ते लावते. वर माझा पंखा गरगरत असतो. गुलाबभाई म्हणतात, "निसार, पंखा बंद कर रे," आणि मी उठून बटण बंद करते. मग सूर लागतो.